सकाळची लेन, संध्याकाळची लेन

तथागतांना आणि बाबासाहेबांना आधी वंदन करते. आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय भाऊसाहेब गजभिये, व्यासपीठावर बसलेले आमच्या सुनेच्या ऑफिसचे स्पोर्ट्स सेक्रेटरी श्रीमान भटनागर साहेब, महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि आमच्या शेजारीण कल्पनाताई मेश्राम, विहाराच्या कामाला ऊन-थंडी न बघता धावून येणारे उपासक-उपासिका, आणि सगळ्यात मागे, जिथून बाहेर सटकायला सोपं पडतं तिथे उभी असलेली तरुण मंडळी, सगळ्यांना माझा मनापासून जय भीम.

मी मीराबाई काशीनाथ रामटेके. शिक्षण म्हणाल तर तिसरीचं पुस्तक अर्धं झालं होतं, तेवढ्यात वडलांनी भंडाऱ्याला विडीच्या कारखान्यात बसवलं. त्यामुळे भाषण कसं करतात हे मला दुसऱ्यांची भाषणं ऐकूनच ठाऊक, आणि खरं सांगते, त्यातल्या बऱ्याच भाषणांत मी झोपले आहे. तुम्हाला झोप लागली तर मी राग मानणार नाही. आमचे हे तिकडे पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत बसले आहेत, त्यांनी तर सुरुवातही केली.

माझ्याआधी भाऊसाहेब फार सुंदर बोलले. लुंबिनी म्हणजे त्यागाची मूर्ती, असं म्हणाले. भाऊसाहेब, तुमचा मान राखून सांगते, मला घरात मूर्ती कुठे दिसली नाही. मला एक बाई दिसते. ती चहात साखर जास्त घालते, ओला टॉवेल पलंगावर टाकते, आणि मी बोलले की 'हो आई' म्हणून पुन्हा तेच करते. 'सून नाही हो, माझी मुलगीच ती' असंही मी म्हणणार नाही. माझी सख्खी मुलगी नागपूरला आहे आणि तिच्याशी माझं फोनवर पाच मिनिटं पटत नाही. सुनेशी पटतं. तिला सूनच राहू द्या.

मला सांगण्यात आलं होतं, मीराबाई, दोन शब्द बोला, आशीर्वाद द्या, शाल द्या आणि बसा. मी तशीच तयारी करून आले होते. पण आत्ता कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी बाहेर चहा चालला होता, तेव्हा भटनागर साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "माताजी, आप लोगों ने इतना बड़ा फंक्शन रखा है, और मैडम ने कल फ़ोन पर मुझे मना कर दिया. कहती हैं, हैदराबाद मेरी जगह किसी और को भेज दीजिए."

ऐकलंत? हॉल सजवला, शाल आणली, स्वयंपाक शिजतोय, भाऊसाहेबांनी त्यागाची मूर्ती केली, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती जातच नाही म्हणते! आणि कोणाला सांगितलं नाही. मला नाही, स्वतःच्या मुलीला नाही. इथे येऊन पुढच्या खुर्चीत साडी सावरून बसली आहे. लुंबिनी, पायाकडे काय बघतेस? चपला तिथेच आहेत. वर बघ.

भटनागर साहब, आप मत घबराइए. आपने चुगली नहीं की, अच्छा काम किया. आराम से बैठिए. साहेब म्हणाले आहेत की उद्या ऑफिस उघडेपर्यंत ते कोणाला काही कळवणार नाहीत. म्हणजे माझ्याकडे आजची संध्याकाळ आहे. म्हणून मंडळी, दोन शब्दांवर भागणार नाही. थोडं सोसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते, ही जाणार आहे कुठे आणि कशासाठी. लुंबिनीच्या खात्याने हैदराबादला खेळाडूंचं केंद्र काढलं आहे. तिथे हिने बोलिंग खेळायचं आणि नव्या मुलींना शिकवायचं. बढती आहे, क्वार्टर आहे, मयुराला शाळा आहे. मयुरा म्हणजे माझी नात, तिकडे दुसऱ्या रांगेत मैत्रिणीच्या कानात बोलते आहे ती. बोलिंग म्हणजे क्रिकेटमधलं नाही हं, बंधूंनो. मॉलमध्ये असतं ते. लांब गुळगुळीत लाकडी पट्टा असतो, त्याला लेन म्हणतात. टोकाला दहा पांढऱ्या बाटल्या उभ्या असतात, त्यांना पिन म्हणतात. तीन भोकांत बोटं घालून जड बॉल उचलायचा, घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. बाजूला नाली असते. बॉल नालीत गेला की सगळं फुकट.

आम्ही गाझियाबादला आलो तेव्हा या हॉलच्या जागी ऊस होता. मॉल हा शब्दच नव्हता. आता सुना मॉलमध्ये ड्यूटीवर जातात. बघता बघता काय काय झालं!

हिचं ते खेळणं सुरू कसं झालं? माझा मुलगा बुद्धभूषण याच खात्यात होता. कावीळ झाली आणि गेला. मयुरा तेव्हा रांगत होती. त्याच्या जागी खात्याने लुंबिनीला घेतलं. ही सकाळी ऑफिसला जायची, संध्याकाळी यायची, पोळ्या लाटायची, मुलीला निजवायची. बोलायची नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर. रडायची पण नाही. मी म्हणायची, "बाई, रड तरी, नाहीतर माझ्याशी भांड तरी." तर म्हणायची, "हो आई." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग एक दिवस ऑफिसमधून आली आणि दारातच म्हणाली, "आई, भटनागर साहेबांना चौथी बाई मिळत नाहीये. मला टीममध्ये घालतायत. कसं नाही म्हणू?"

मी विचारलं, "टीम कसली?"

तिने सांगितलं. बॉल, पिना, पाडायच्या.

"पाडायच्या? आणि ऑफिस त्याची ड्यूटी धरतं?"

"हो."

"मग जा की! इतक्या दिवसांत घरात एक भांडं आपटलं नाहीस. तिथे तरी काहीतरी पाड."

गेली. भटनागर साहेबांचे उपकार आहेत, बाई मिळत नव्हती म्हणून का होईना.

आता पहिल्या वर्षाची गंमत ऐका. साहेब, हिंदी में नहीं बताऊँगी, आपकी थोड़ी बुराई है. सरकारी ऑफिस म्हटलं की खेळायचं कधी? ऑफिस सुरू व्हायच्या आधी. मॉलवाल्यांनी यांना सकाळची वेळ दिली. यांनी वर्षभर सकाळीच सराव केला. मॉलचे लोक रोज सकाळी लेनला तेल लावतात. अर्ध्याच्या पुढेपर्यंत तेल, शेवटी कोरडं. तेलावर बॉल घसरत जातो, कोरडं लागलं की पकडतो आणि वळतो. वळून पिनांच्या कुशीत शिरला की सगळ्या पडतात. सकाळी तेल ताजं, भरपूर. त्यावर साधा बॉल वळतच नाही. म्हणून साहेबांनी दुकानात सांगितलं, "सबसे तेज़ वाला दीजिए." चौघींना चार खरखरीत, चिडके बॉल. सकाळच्या लेनवर काय वळायचे ते! चौघी खूश, साहेब खूश.

आणि सामने संध्याकाळी.

दिवसभरात मॉलमध्ये माणसं येतात, पोरांचे वाढदिवस होतात, शेकडो बॉल त्या लेनवरून जातात आणि तेल पुसून नेतात. संध्याकाळची लेन ही ती लेनच नाही. आपल्या चार बायकांनी चिडके बॉल सोडले, ते अर्ध्या वाटेतच वळले आणि सरळ नालीत. एकीचा नाही, चौघींचे. एवढं शिकलेलं खातं, पण संध्याकाळी एकदा जाऊन बघावं असं एकालाही सुचलं नाही, कारण पाचनंतर ऑफिस सुटतं!

त्या दिवशी लुंबिनी घरी आली. मी म्हटलं, आता तोंड पाडून बसेल. तिने बॅग खाली ठेवली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आई, बॉल असा वळला, असा वळला, जसं काही शेजारच्या लेनवर त्याचं माहेर आहे." आणि हसायला लागली. उभ्याउभ्या. हसता हसता खाली बसली, मोरीच्या उंबऱ्यावर. मयुरा घाबरून उठली, तिने आईला तसं हसताना कधी बघितलंच नव्हतं. आमचे हे आतून ओरडले, "काहून हसता, काय झालं?" मी म्हटलं, "हरली!" तर तेही हसायला लागले.

मी तेव्हाच मनात ठरवलं, या बाईला हा खेळ सोडू द्यायचा नाही. मेडल गेलं खड्ड्यात.

दुसऱ्या वर्षी खातं जुना परत घेऊन नवा बॉल देणार होतं. पण एक. मोठे खेळाडू म्हणे तीन-तीन, चार-चार बॉल बाळगतात, तेलाचा वेगळा, कोरड्याचा वेगळा, शेवटची एकटी पिन पाडायचा वेगळा. आमच्याकडे एकच, आणि तोच सगळीकडे चालवायचा. त्यातून त्याला भोकं पाडतात ती आपल्या हाताच्या मापाने, अंगठा केवढा, बोटं किती लांब. एकदा पाडली की परत नाही. म्हणून घाई करायची नव्हती.

मी म्हटलं, "लुंबिनी, रविवारी जाऊ आणि दिवसभर बसू. लेन बघू. बॉल नंतर."

"दिवसभर? आणि बाबा?"

"बाबांना कल्पना बघेल. एक दिवस."

तेव्हा हे चालतेफिरते होते, पण चहा स्वतः करायचे नाहीत. कल्पनाताई, तुम्ही त्या दिवशी यांना पाच वेळा चहा दिला होता, मला नंतर कळलं.

आम्ही दोघी मॉल उघडायच्या वेळेला जाऊन बसलो. मी घरून मुरमुऱ्यांचा सुशीला डब्यात नेला होता. गार्ड म्हणाला, "माताजी, बाहर का खाना अलाउड नहीं है." मी म्हटलं, "बेटा, यह खाना नहीं, दवाई है. मुझे शुगर है." निघून गेला. शुगर मला नाही, अजूनही नाही.

सकाळी तेल लावणारं यंत्र लेनवरून गेलं. मग माणसं यायला लागली. लुंबिनी बघत बसली, कोणाचा बॉल कुठून वळतो. दर थोड्या वेळाने म्हणायची, "आई, आता तिथून वळायला लागला. आता अजून अलीकडून." मला काही दिसत नव्हतं, मला सगळे बॉल सारखे. मी बघत होते ते तिच्याकडे. ही बाई आठवड्यात बोलायची नाही तेवढं त्या दिवशी दुपारपर्यंत बोलली.

दुपारनंतर वाढदिवसाची पोरं आली. गोंगाट. केक. एका पोराने तर बॉलबरोबर स्वतःलाच लेनवर सोडलं. आणि त्या गोंगाटात लुंबिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मला यांची आठवण सकाळी येत नाही. सकाळी मी बरी असते. संध्याकाळी येते. रोज तीच वेळ."

बुद्धभूषणचं नाव, नाव नाही पण 'यांची' म्हणून तरी, तिने तोंडातून काढलं ते तेव्हा. मी नुसता डबा पुढे केला. तिने खाल्लं.

मग म्हणाली, "कधीकधी वाटतं, मी इथे रमले तर यांना विसरेन."

मी तेव्हा काही बोलले नाही. का नाही बोलले, ते पुढे सांगते. आधी बॉल घेऊ.

त्या लेनच्या बाजूलाच बग्गा साहेबांचं दुकान. काचेच्या कपाटात बॉल मांडलेले, लाल, निळे, जांभळे, आत चांदण्या चमकत असलेले. मी एक उचलून बोटाने वाजवून बघितला, माठ घेताना बघतो तसा. बग्गा साहेब हसले, "माताजी, इसमें पानी नहीं भरना है!" मी म्हटलं, "भरना नहीं है, पर फूटा हुआ भी नहीं लेना है." माणूस चांगला होता. आम्हाला बसवलं आणि नीट समजावलं. एक असतो प्लास्टिकचा. तो तेल असो, कोरडं असो, सरळच जातो. कुठे चुकत नाही, पण जोरही नाही, सगळ्या पिना क्वचित पडतात. एक असतो चिडका, तो आमच्याकडे होताच. आणि तिसरा मधल्या स्वभावाचा. तेल मध्यम असेल तर तसाच चालतो. तेल जास्त असेल तर खरखरीत पॅडने घासून त्याची चमक घालवायची, म्हणजे तो जास्त पकडतो. लेन कोरडी असेल तर पॉलिश लावून चकचकीत करायचा, म्हणजे तो लांबपर्यंत घसरतो आणि उशिरा वळतो. बॉल एक, कातडी बदलायची. आणि हे सगळं खेळ सुरू व्हायच्या आधी, मधे हात लावायचा नाही.

लुंबिनीने विचारलं, "आणि मधेच लेन बदलली तर?"

बग्गा साहेब म्हणाले, "तब बॉल नहीं, आप बदलिए. खड़े होने की जगह बदलिए, थोड़ा बाएँ सरकिए."

तिने मधला घेतला. गडद निळा. अंगठ्याचं माप दोनदा घेतलं, कारण संध्याकाळी बोट सुजतं, हे तिने स्वतः सांगितलं. बग्गा साहेब म्हणाले, बहुत लोग यह भूल जाते हैं.

आता भाऊसाहेब मान डोलवतायत. त्यांना वाटतंय, मी म्हणणार, बघा मंडळी, आमची सूनसुद्धा या बॉलसारखी, कुठल्याही परिस्थितीत चालणारी. नाही म्हणणार. बॉलला तीन भोकं असतात आणि तो बोलत नाही. हिला दोन कान आहेत आणि ही ऐकत नाही.

त्याच वर्षी थंडीत यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, दोन-चार शब्द राहिले. हॉस्पिटलमधून घरी आणलं तर सारखे भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टरांनी हाताचे व्यायाम सांगितले होते, मऊ रबरी चेंडू दाबायचा. हे तो चेंडू फेकून द्यायचे. मी रागवायची, ते अजून फेकायचे. पन्नास वर्षांचा संसार, एवढं तर होणारच.

लुंबिनीने काय केलं? एका संध्याकाळी तिचा निळा बॉल आणून यांच्या मांडीवर ठेवला, खाली उशी घातली. हातात फडकं दिलं. म्हणाली, "बाबा, परवा सामना संध्याकाळचा आहे. चकचकीत पाहिजे. मला वेळ नाही." आणि निघून गेली स्वयंपाकघरात. मागे वळूनही बघितलं नाही.

यांनी बॉल आधी निरखून बघितला. मग डाव्या हाताने घासायला लागले. मग डाव्याने उजवा हात उचलून बॉलवर ठेवला. सरकवायला लागले. तेव्हापासून आमच्या घरात बॉलची कातडी हे करतात. सकाळचा सामना असेल तर पॅड, संध्याकाळचा असेल तर पॉलिश. हाताला घाम फुटायचा, पण सोडायचे नाहीत. आज यांचा उजवा हात चमचा धरतो. डॉक्टर म्हणतात औषधाने. म्हणू दे.

आणि मागच्या हिवाळ्यात गुडगावला सगळ्या खात्यांची स्पर्धा झाली. आम्ही सगळे गेलो होतो, हे पण, खुर्चीसकट. अंतिम सामना संध्याकाळचा. लेन कोरडी ठक्क. समोरची मुलगी फार तयारीची, तीन बॉल घेऊन आलेली. आमची एक बॉल घेऊन. मधेच लेन आणखी कोरडी झाली, बॉल अलीकडे वळायला लागला, दोन वेळा एकेक पिन राहिली. मी डोळे मिटून घेतले. मयुरा म्हणाली, "आजी, बघ ना, आई सरकली! लेफ्टला सरकली!" लेनच्या दोन फळ्या डावीकडे सरकून तिने बॉल सोडला. तो लांब गेला, उशिरा वळला, आणि सगळ्या आडव्या.

दुसरी आली. पहिली नाही, दुसरी. ज्यांनी निमंत्रणपत्रिकेवर 'विजेत्या' छापलं त्यांनी ते नीट करून घ्यावं. खोटं कशाला? दुसरी आली तेच पुष्कळ आहे, आणि तेवढ्यावर खात्याने हैदराबादला बोलावलं.

आता मुद्द्यावर येते. काल फोनवर हिने भटनागर साहेबांना कारण सांगितलं, सास-ससुर अकेले हैं. खरं आहे का ते? म्हातारे आहोत, एवढं खरं. एकटे नाही. सकाळी यांना आंघोळ घालायला माणूस ठेवला आहे, महिनाभर झाला, तोंडाने बरा आहे, हाताने जोरकस आहे. दुपारी कल्पनाताई येतात, त्या न बोलावता येतात. माझी नागपूरची मुलगी दिवाळीनंतर दोन महिने येऊन राहणार आहे, आम्ही भांडू, घरात आवाज राहील. हे सगळं लुंबिनीला ठाऊक आहे. तिनेच तर माणूस शोधला. मग नाही का म्हणाली?

मला ठाऊक आहे का म्हणाली. त्या दिवशी मॉलमध्ये बोलली होती तेच. ते घर, तो पलंग, ती संध्याकाळची वेळ, सगळं सोडून गेली तर बुद्धभूषण मागे राहील, असं तिला वाटतं. तिकडे नवी माणसं, नवं काम, पोरी 'मॅडम मॅडम' करत मागे येतील, ही रमेल. आणि रमली की विसरेल. त्याला भिते ही. आम्हा म्हाताऱ्यांचं नाव पुढे करते.

त्या दिवशी मी गप्प बसले, कारण मला वाटलं होतं हिचं हिला उमगेल. उमगत नाहीये. म्हणून आता चारचौघांत सांगते. घरी सांगितलं तर 'हो आई' म्हणेल आणि टॉवेल पलंगावर टाकेल.

लुंबिनी, ऐक. तो आधी माझा होता. नऊ महिने पोटात होता, मग अठ्ठावीस वर्षं घरात होता. कसा चालायचा, कसा शिंकायचा, वरणात लसूण कमी पडला की कसं ताट सरकवायचा, ते सगळं माझ्याजवळ आहे. मी जिवंत आहे तोवर तो कुठे जात नाही. त्याला लक्षात ठेवायचं काम माझं आहे, तुझ्याकडे ते मी दिलेलंच नाही. तू एखादी संध्याकाळ विसरलीस तर विसर. दोन विसर. मी इथे बसले आहे. कधी आठवावंसं वाटलं तर फोन कर, मी सांगेन. काही अशाही गोष्टी सांगेन ज्या तुला माहीत नाहीत. शाळेत चड्डी फाटली म्हणून मैदानातून पाठ भिंतीला लावून घरापर्यंत आला होता, ते तुला कुठे ठाऊक आहे?

हसलीस. बरं झालं.

आणि हेही ऐक. तू गेलीस की मी रडणार आहे. लपवत कशाला? दार लावून, एकटी, पोटभर. ते माझं मी बघेन. तुला घरात ठेवून घेऊन रोज तुझ्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा ते सोपं आहे. तू माझ्यासाठी थांबलीस तर मी रोज सकाळी उठून तुझ्याकडे बघणार आणि मनात म्हणणार, हिला मी अडकवलं. मला या वयात ते ओझं देऊ नकोस गं. माझे गुडघे आधीच दुखतात.

आता सगळ्यांसमोर विचारते. जातेस की नाही?

काय झालं? माझ्याकडे का बघत नाहीस? बाबांकडे बघतेस? बघ. विचार त्यांना. अहो, उठा. ऐकलं का? सून विचारते आहे, जाऊ का म्हणून.

…बघितलंत ना सगळ्यांनी? बोलता येत नाही, पण हात उचलला. उजवा. आणि कसा उचलला? अंगणात शिरलेल्या गाईला हाकलतात तसा! 'निघ' म्हणतायत. पन्नास वर्षांत आमच्या दोघांचं एकमत झालेलं मी तरी आज पहिल्यांदा बघते आहे. मंडळी, तुम्ही साक्षीला आहात.

लुंबिनी, तोंड पुसून घे, फोटोवाला समोर उभा आहे. मान नुसती हलवू नकोस, मागच्यांना दिसत नाही. तोंडाने बोल. …'जाते आई' म्हणाली. कल्पनाताई, तुम्ही ऐकलंत? मी पण ऐकलं. भटनागर साहब, सुन लिया न आपने? कल दफ़्तर खुलते ही सबसे पहले वही काम करना, चाय बाद में.

माझं बोलणं संपलं. अध्यक्ष भाऊसाहेबांनी मला मधे थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार, तीन वेळा घड्याळ बघितलं तरी. महिला मंडळाने हा हॉल, हा मान आमच्या घराला दिला, सकाळपासून तुम्ही सगळ्या राबताहात, तुमचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी पडतात, ते तुम्ही समजून घ्या. विडीच्या कारखान्यातली बाई आहे मी, बोलताना कोणाला लागलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. सुनेला चारचौघांत बोलले, त्याची माफी तिच्याकडे मी घरी मागेन. तिथे तुमचं काम नाही.

आणि स्वयंपाक झाला आहे. दर कार्यक्रमात लुंबिनी सगळ्यात शेवटी, वाढून झाल्यावर जेवते. आज ती पहिल्या पंगतीला बसेल, मयुराच्या शेजारी. कोणी तिला भांड्याला हात लावू देऊ नका. तिच्या ताटात मी वाढणार आहे.

जय भीम.